सोनोग्राफी फक्त पोटाची नसते

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही वस्तीत जा आणि बायांना विचारा, सोनोग्राफी कशाची करतात? बहुतेकींचा हात पोटाकडे जाईल. एखादी म्हणेल, "दिवस गेल्यावर करत्यात." दुसरी मुतखड्याचं नाव घेईल, तिसरी पिशवीतल्या गाठीचं. स्तनात हाताला लागलेली गाठसुद्धा याच यंत्रानं पाहता येते, हे मात्र क्वचितच कुणी सांगेल.

यात बायांचा दोष नाही. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी असते, की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. ती पाटी हवीच. पण 'इथे स्तनातील गाठीची तपासणी होते' अशी पाटी मी नोकरीतली वर्षं आणि त्यानंतरची चळवळीतली वर्षं मिळून कुठेही पाहिलेली नाही. बाईच्या पोटात काय आहे याची चौकशी घरादाराला असते, तिच्या छातीत काय आहे याची कुणालाच नसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की या यंत्राचं तोंड आता बाईच्या स्वतःच्या जिवाकडे वळवलं पाहिजे. ते डॉक्टर आपणहून वळवणार नाहीत, आपल्याला मागावं लागेल. आणि मागायचं तर आधी नीट समजून घ्यावं लागेल.

आधी छाती, मग पोट

अनेकांना वाटतं, सोनोग्राफी बाळ पाहण्यासाठीच निघाली. तसं नाही. मूळचे इंग्लंडचे सर्जन जॉन वाइल्ड अमेरिकेत गेले आणि जॉन रीड या तंत्रज्ञाबरोबर त्यांनी आवाजाच्या लहरींनी शरीराच्या आत पाहण्याचे प्रयोग केले. १९५२ साली त्यांनी स्तनातल्या गाठींच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. स्तनावर फिरवता येईल असं हातातलं उपकरणही त्यांनी बनवलं होतं. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पोटातल्या गाठी आणि गर्भ यांच्याबद्दलचा गाजलेला लेख आला तो १९५८ साली. म्हणजे स्तनातली गाठ पाहणं हा या तंत्राच्या पहिल्या कामांपैकी एक आहे. आपल्याकडे येईपर्यंत ते काम मागे पडलं आणि भलतंच पुढे आलं.

ते भलतं काय, हे आपल्या दोन जिल्ह्यांना वेगळं सांगायला नको. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा, तो लागू झाला १९९६ पासून. तरी २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे सांगली जिल्ह्यात मुली होत्या ८५१ आणि साताऱ्यात ८७८. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळानं गरोदर बायांना बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवून असे डॉक्टर पकडून दिले. त्या कामाची दखल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या पुरस्कारानं घेतली. आणि मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही आपण विसरलेलो नाही. गर्भपात करताना एका विवाहितेचा जीव गेला म्हणून ते उघडकीला आलं.

ही लढाई लढलो ते बरोबरच केलं. पण ती लढताना सोनोग्राफी म्हणजे गर्भ आणि गर्भ म्हणजे गुन्हा, एवढंच आपल्या डोक्यात राहिलं. या यंत्राचा बाईला स्वतःसाठी काय उपयोग, हा प्रश्न बाजूला पडला.

गाठ दुखत नाही, हाच घोटाळा

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये आज पहिला नंबर स्तनाच्या कॅन्सरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्यानं झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं गेल्या. युरोप-अमेरिकेपेक्षा आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. चाळिशी-पन्नाशीतली, घर चालवणारी, मजुरीला जाणारी बाई त्यात सापडते.

आपल्या बाया उशिरा येतात, कारण गाठ दुखत नाही. "दुखत न्हाय तर कशाला दाखवायचं?" हे वाक्य मी वॉर्डात इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखणं ही आपण धोक्याची खूण मानतो, पण इथे न दुखणारी, टणक, जागची न हलणारी गाठ जास्त काळजीची.

दुसरं कारण लाज. स्तन हा शब्दसुद्धा तोंडातून निघत नाही. 'छातीला', 'अंगाला' असं म्हणत म्हणत सहा महिने जातात. तिसरं कारण हजेरी. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीला, कुपवाडच्या कारखान्यात किंवा उसाच्या फडात जाणारी बाई एक दिवस दवाखान्यात घालवते तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. चौथं कारण लेप, मलम, अंगारा. गाठीवर गरम विटेचा शेक दिलेल्या, भाजलेल्या कातडीनं आलेल्या बाया मी पाहिल्यात.

एक दिलासा आधीच देते. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरण्या मुलींमध्ये तर बहुतेक वेळा ती साधी, हाताखाली सरकणारी गाठ असते. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे सासूबाईंनी किंवा शेजारणीनं ठरवायचं नसतं, आणि हात लावून मीही ठरवू शकत नाही. त्यासाठीच तपासणी आहे.

यंत्र नेमकं काय पाहतं?

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. आपल्या कानाला सेकंदाला २० हजारांपर्यंत कंपनं असलेला आवाज ऐकू येतो. छातीच्या सोनोग्राफीतला आवाज सेकंदाला साधारण एक कोट कंपनांच्या आसपासचा किंवा त्याहून वरचा असतो. तो आत जातो, वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटतं. त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही तपासणी चालते. उपाशी राहायला नको, पाणी पिऊन लघवी तुंबवायला नको. जेल लावतात, ते गार लागतं, इतकंच. पुढून उघडणारा ब्लाऊज घालून जा. जुने रिपोर्ट असतील तर बरोबर न्या.

पोटाला लावतात तो प्रोब पुढून गोलसर असतो. छातीसाठी सरळ पट्टीचा प्रोब लागतो. तो जास्त कंपनांचा असतो, फार खोल जात नाही पण जवळचं बारीक दाखवतो. यंत्र तेच, प्रोब वेगळा. म्हणून "आमच्याकडे छातीची होत नाही" असं कुणी सांगितलं तर विचारा, यंत्र नाही, सरळ प्रोब नाही, की पाहणारं माणूस नाही? तिन्हींची उत्तरं वेगळी आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे.

पडद्यावर डॉक्टर काय शोधतात, तेही आपल्याला कळू शकतं. गाठीत नुसतं पाणी असेल तर ती काळीभोर दिसते, कडा पातळ आणि गुळगुळीत असते, आणि तिच्या मागचा भाग उजळ दिसतो, कारण पाण्यातून आवाज सहज पुढे जातो. ही पाण्याची गाठ सहसा निरुपद्रवी असते. तरुण मुलींमधली साधी भरीव गाठ लांबट-गोल, गुळगुळीत आणि आडवी पसरलेली असते. काळजीची गाठ बहुधा वेडीवाकडी असते, कडा काटेरी, आडवी कमी आणि उभी जास्त, आणि तिच्या मागे काळी सावली पडते. साधी गाठ शरीराच्या थरांना धरून वाढते, कॅन्सर थर मोडून वाढतो, म्हणून हा आडव्या-उभ्याचा फरक.

याच वेळी काखेतही प्रोब फिरवायला हवा. काखेतली निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी असते आणि तिच्या मधोमध पांढरा भाग दिसतो. कॅन्सर तिथे पोचला तर ती गोलसर होते आणि मधला पांढरा भाग दिसेनासा होतो. काही यंत्रांत डॉपलरनं गाठीतला रक्तपुरवठा आणि इलॅस्टोग्राफीनं गाठीचा टणकपणा पाहता येतो. ही जोडीची मदत आहे. ती सोय नाही म्हणून तपासणी अडत नाही.

सोनोग्राफी की मॅमोग्राफी?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यात चरबी काळी दिसते आणि दुधाच्या ग्रंथींचा दाट भाग पांढरा. गाठही पांढरीच दिसते. तरुण बाईचा स्तन दाट असतो, त्यामुळे पांढऱ्यात पांढरं लपतं. म्हणून तिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर आधी सोनोग्राफी करतात. तिशी ते चाळिशीच्या मधल्या बाईला डॉक्टर पाहून ठरवतात. चाळिशीनंतर गाठ लागली तर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. कारण काही कॅन्सरमध्ये चुन्याचे अगदी बारीक कण तयार होतात, ते मॅमोग्राफीत दिसतात आणि सोनोग्राफीत बहुधा निसटतात. या दोन तपासण्या एकमेकींना पर्याय नाहीत, जोडीदार आहेत.

मग गाठ नसलेल्या बाईनंही दरवर्षी सोनोग्राफी करावी का? जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर असलेला कॅन्सर पकडण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेलं. त्याचबरोबर कॅन्सर नसताना घाबरवून पुढच्या तपासण्यांना पाठवण्याचं प्रमाणही वाढलं. जिथे मॅमोग्राफी, बायोप्सी, डॉक्टर सगळं हाताशी आहे तिथली ही गोष्ट. आपल्याकडे ज्या बाईला गाठ लागलीय तिलाच यंत्र मिळत नाही. म्हणून आधी गाठवालीला मिळू द्या. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये धडधाकट बाईची सोनोग्राफी आणि गाठ घेऊन फिरणारी बाई घरात, हा उलटा कारभार मला मान्य नाही.

रिपोर्टातला एकच आकडा शोधा

छातीच्या रिपोर्टमध्ये शेवटी 'बायरॅड्स' असा शब्द आणि पुढे आकडा असतो. रिपोर्ट इंग्रजीत असला तरी हा आकडा घरातली शाळकरी पोरगीही वाचून दाखवेल.

० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी काही करावं लागेल.
१ म्हणजे काही आढळलं नाही.
२ म्हणजे आहे ते साधं आहे.
३ म्हणजे बहुधा साधं. कॅन्सरची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं.
४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करायची.
५ म्हणजे दाट संशय, शक्यता शंभरात ९५ किंवा जास्त. बायोप्सी लगेच.
६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे.

गाठीची जागा रिपोर्टात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहितात, जसं की उजव्या स्तनात १० वाजण्याच्या जागी. तुमच्या हाताला लागते ती जागा आणि रिपोर्टातली जागा एकच आहे का, ते बघा. वेगळी असेल तर डॉक्टरांना म्हणा, "साहेब, माझी गाठ इथं आहे, इथलं बघितलं का?" हा उद्धटपणा नाही. सोनोग्राफी पाहणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून असते, बोट ठेवून जागा दाखवली तर त्यालाही मदतच होते.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि गाठ हाताला लागतेच आहे, तर विषय संपलेला नाही. गाठीचा निकाल तीन गोष्टी मिळून लागतो. डॉक्टरांच्या हातानं तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीची प्रतिमा, आणि सुईनं काढलेला तुकडा. तिन्हींचं एकमत झालं तरच निर्धास्त व्हायचं. "रिपोर्ट नॉर्मल आलाय, जा घरी" म्हणून पाठवलेली बाई वर्षभरानं वाढलेली गाठ घेऊन परत येते, तेव्हा तिचा रिपोर्ट खोटा नसतो. तो तिसरा भाग होता, तो पूर्ण मानला गेला.

सुईची भीती तर घराघरात. "सुई लावली की गाठ चवताळते, कॅन्सर पसरतो" हे शिकलेले पुरुषही सांगतात. हे खरं नाही. बायोप्सी जागा बधिर करून, सोनोग्राफीत गाठ बघत बघत करतात, म्हणजे सुई बरोबर गाठीत जाते. बाई त्याच दिवशी घरी येते. कुठला कॅन्सर आहे आणि कुठलं औषध लागू पडेल, हे त्या तुकड्यावरूनच ठरतं. सुईमुळे कॅन्सर पसरत नाही. सुई टाळण्यात गेलेल्या महिन्यांत मात्र तो पसरत राहतो.

मुंबईच्या वस्त्यांनी शिकवलेलं

यंत्राबद्दल इतकं लिहिल्यावर कुणाला वाटेल, यंत्र आलं की झालं. नाही. यंत्राच्या आधी हात लागतो. याचा मोठा पुरावा आपल्यासारख्याच वस्त्यांतून आलाय. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी बायांचे स्तन हातानं तपासले. त्या काही डॉक्टर नव्हत्या. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हातानं तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नास व त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून तरुण बाईनं तपासणीच्या फेरीची वाट पाहत बसू नये, गाठ लागली की निघावं.

सरकारी कार्यक्रमातही हेच आहे. २०१६ पासूनच्या मार्गदर्शक आराखड्यानुसार तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित कर्मचाऱ्यानं हातानं करायची आहे, पाच वर्षांतून एकदा. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकारात बदल झालाय का, असे प्रश्न असतात. माझा अनुभव असा, की घाईत आणि चारचौघांसमोर विचारलेल्या या प्रश्नांना बाई मान हलवते आणि 'नाही'वर टिक होते. आशाताईवर कामाचा डोंगर आहे, तिला दोष देत नाही. पण टिक म्हणजे तपासणी नव्हे. आपण स्वतः म्हणायचं, "ताई, मला आत घेऊन हातानं बघा."

आपण काय मागायचं?

कुणी म्हणेल, मग विहारातच सोनोग्राफीचं शिबिर घ्या, छोटं यंत्र उचलून आणा. मी याच्या विरोधात आहे. हलवता येणारी यंत्रं कुठे आणि कशी वापरायची, यावर गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानं कडक बंधनं घातली आहेत, आणि ती का घातली हे म्हैसाळ ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या लोकांना तरी कळायला हवं. 'बायांच्या सोयीसाठी कायदा सैल करा' अशी मागणी अधूनमधून होते. बाईचं नाव पुढे करून बाईचाच घात करणारं दार मला उघडायचं नाही. आणि त्याची गरजही नाही. कायद्यानं नोंदणी केलेल्या यंत्रावर छातीची सोनोग्राफी करायला कसलीच मनाई नाही. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला जो 'फॉर्म एफ' भरावा लागतो, तो इथे लागत नाही. यंत्र वस्तीत आणण्यापेक्षा बाईला यंत्रापर्यंत न्या.

त्यासाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांकडे लेखी मागायच्या गोष्टी या:

एक, जिथे यंत्र आहे तिथे आठवड्यातला एक वार स्तनातल्या गाठींसाठी ठरवून द्या, आणि तो दारावर मराठीत लिहा.
दोन, सरळ प्रोब आणि तो वापरणारा डॉक्टर यांची सोय करा. तपासताना खोलीत महिला कर्मचारी असलीच पाहिजे.
तीन, चिठ्ठीवर नुसतं 'पुढे दाखवा' नको. कुठे, कुठल्या तारखेला, कुणाकडे, हे लिहा.
चार, बायरॅड्स ४ किंवा ५ आलेल्या बाईची बायोप्सी कुठे होणार, हे त्याच दिवशी सांगा.

एकटी बाई हे मागायला गेली तर तिला हाकलतील. महिला मंडळाच्या सहीचं निवेदन वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर गेलं, त्याची पोच घेतली आणि प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवली, तर उत्तर द्यावं लागतं.

पैशाचंही सांगते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात दर आधी खिडकीवर विचारून घ्या. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनचा समावेश आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठे बसतो ते विचारा. पण ही योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. त्याआधीची बाहेर केलेली सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी बहुधा खिशातूनच जाते. गरीब बाई अडते ती इथेच, उपचाराच्या दारात नाही तर निदानाच्या उंबऱ्यावर. म्हणून सरकारी यंत्रावरचा तो एक वार आपल्यासाठी इतका मोलाचा.

घरातल्या माणसांना

बंधूंनो, हे पान तुम्हीही वाचता म्हणून लिहिते. सून गरोदर असली की सोनोग्राफीच्या दिवशी अख्खं घर रिक्षात बसतं. आई, बायको, बहीण छातीला गाठ लागल्याचं सांगते तेव्हा तिला एकटीला एसटीनं पाठवू नका. एक दिवस खाडा करा आणि बरोबर जा. रिपोर्टातला आकडा विचारा. "ऑपरेशननं बाई अधू होते" असं बोलू नका. लवकर सापडलेल्या गाठीत अनेकदा सगळा स्तन काढावाच लागत नाही, आणि पहिल्या टप्प्यात सापडलेल्या बहुतेक बाया उपचारानंतर वर्षानुवर्षं जगतात, कामाला जातात, नातवंडं सांभाळतात. बाईचं मोल तिच्या अंगाच्या एका भागावर ठरत नाही.

भगिनींनो, महिन्यातून एक दिवस, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, पाळी गेली असेल तर एखादी तारीख ठरवून, अंघोळ करताना बोटांच्या सपाट भागानं दोन्ही स्तन आणि काखा चाचपून बघा. गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, बोंडावरची बरी न होणारी खरूज, काखेतली गाठ, यांतलं एकही दिसलं तर दुखायची वाट पाहू नका. दोन आठवड्यांच्या आत दाखवा.

वर्षावासात विहारात रोज वाचनाला बाया जमतात. त्यातला एक रविवार या विषयाला द्या. उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलवा, पुरुषांना थोडा वेळ बाहेर बसवा आणि स्तन हा शब्द मोठ्यानं उच्चारून बोलायला सुरुवात करा. ज्या बाईला गाठ आहे तिच्याबरोबर कोण जाणार, हे तिथेच ठरवा, आणि त्या निवेदनावर सह्या घेऊनच उठा.